शेत हेही कामाचे ठिकाण

माघ सरत आला, की हिंगोली जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, विशेषतः वसमत आणि कळमनुरी या तालुक्यांत, हळदीच्या काढणीला तोंड लागते. आणि तेव्हापासून चैत्राचे ऊन माथ्यावर येईपर्यंत या मुलखातील बहुतेक काम करणारे हात त्या एकाच पिकाभोवती गुंतलेले असतात. पाला कापणे, कंद उकरणे, माती झाडून जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, ती शिजविणे, उघड्यावर पसरून आठवडेच्या आठवडे वाळविणे आणि शेवटी पिंपात घोळवून पॉलिश करणे, असा या पिकाचा प्रदीर्घ आणि कष्टाचा प्रवास आहे. येथील हळदीचे कौतुक अलीकडे पुष्कळ झाले, आणि ते यथार्थही आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन केंद्र उभे राहिले, हिंगोलीच्या बाजार समितीतील हळदीच्या सौद्यांकडे शेजारच्या जिल्ह्यांचेही लक्ष असते. परभणीपासून विभक्त होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या लहानशा जिल्ह्याला हळदीने ओळख दिली. परंतु मानांकनाच्या कागदांत मातीचा गुण नमूद होतो, रंगाचा आणि कसाचा तपशील येतो. ज्या माणसांच्या पाठीवरून, तळव्यांवरून आणि प्रसंगी प्राणांवरून हे पीक बाजारापर्यंत पोहोचते, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार त्या दप्तरात कोठेही येत नाही. तो येथे करावयाचा आहे.

४ एप्रिल २०२५ हा शुक्रवार होता. वसमत तालुक्यातील गुंज या गावच्या शेतमजूर स्त्रियांना घेऊन एक ट्रॅक्टर सकाळी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात कामावर निघाला होता. शेतातील एका विहिरीत तो ट्रॉलीसह कोसळला. तिघांना वर काढण्यात गावकऱ्यांना यश आले; सात स्त्रिया बुडून मृत्यू पावल्या. विहिरीतील पाणी उपसून मृतदेह काढावे लागले. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून आणि राज्य शासनाकडून मृतांच्या वारसांसाठी अर्थसाहाय्य जाहीर झाले, वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली, आणि काही दिवसांतच हा विषय सार्वजनिक चर्चेतून नाहीसा झाला. एखाद्या कारखान्यात एका सकाळी सात कामगार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या असत्या, तर कारखाने निरीक्षक तेथे पोहोचले असते, काम थांबविण्याचा हुकूम निघाला असता, यंत्र कोणते होते, रस्ता कसा होता, देखरेख कोणाची होती, याची चौकशी होऊन तिचा अहवाल झाला असता. येथे पंचनामा झाला, जबाब नोंदले गेले, गुन्ह्याचा तपास पोलिसांकडे राहिला. तो तपास आवश्यक आहे आणि त्याचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे. परंतु चालकाची चूक कोणती, एवढ्याच प्रश्नाशी जो तपास संपतो, तो पुढच्या वर्षीच्या अपघाताला प्रतिबंध करू शकत नाही.

म्हणून त्या एका घटनेपासून थोडे दूर होऊन, जिच्यामुळे अशा घटना संभवतात ती नित्याची व्यवस्था पाहिली पाहिजे. हळदीची काढणी मोठ्या प्रमाणावर गुत्त्याने दिली जाते. एकराला किंवा क्विंटलला अमुक रक्कम, असा तोंडी करार होतो; त्याचा कागद होत नाही. गुत्ते म्हटले, की जितके काम अधिक तितकी मजुरी अधिक, आणि म्हणून ऊन चढण्यापूर्वी शेत गाठण्याची घाई ओघानेच आली. मजुरांची टोळी एका गावची, शेत दुसऱ्या गावचे, ट्रॅक्टर तिसऱ्याचा, आणि मजूर गोळा करून देणारा मुकादम चौथाच. या चौघांपैकी मालक कोण, हे मजुरी वाटण्याच्या दिवशी सर्वांना ठाऊक असते, आणि अपघाताच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. शेतापर्यंत जाणारी पांदण पावसाच्या एका सरीने निसरडी होते. या काळ्या मातीवर ओले चाक कसे घसरते, हे येथील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, ते चालकाचे. मागची ट्रॉली माल वाहण्यासाठी बांधलेली असते; तीत बसण्याची सोय नसते, धरावयास आधार नसतो, आणि ती उलटली तर आतील माणसाला सुटकेचा मार्ग नसतो. तरीही हंगामाच्या दिवसांत पहाटे कोणत्याही पांदणीवर उभे राहिले, तर कडेपर्यंत भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक जाताना दिसतात. आणि त्या पांदणीच्या अगदी कडेला, कोठे गवताने झाकलेली, कोठे दगडी कठडा ढासळलेली, कोठे कठडा कधी बांधलाच नाही अशी विहीर असते. मराठवाड्यात विहीर खणण्यासाठी माणूस घर गहाण टाकतो, शासन अनुदान देते, पाणी लागले की नारळ फुटतो. पण कठड्याचे बांधकाम पुढच्या वर्षावर जाते, आणि ते पुढचे वर्ष अनेकदा उजाडतच नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेती, खाणकाम आणि बांधकाम या तिन्हींना सर्वांत धोक्याचे व्यवसाय मानते. शेतीतील सुरक्षितता आणि आरोग्य यांसाठी तिने २००१ साली १८४ क्रमांकाचा स्वतंत्र करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार गिरणीच्या आवारात जन्मला आणि दीर्घकाळ त्या आवाराच्या भिंतींतच राहिला, हे त्याचे ऐतिहासिक कारण आहे.

तो इतिहास मराठी माणसाला अभिमानास्पद आहे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला, तेव्हा तो शंभर किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण असावे, एवढ्या त्याच्या माफक अपेक्षा होत्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना या माफक संरक्षणाच्या पलीकडे नेण्याचे कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेविला, आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती या चळवळीचेच फळ होते. पुढे १८९१ साली कायद्याची मर्यादा शंभरावरून पन्नासावर आली, १९२२ साली वीसवर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने, यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांपुरती, ती दहावर आणली. मध्यंतरी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणण्याच्या कायद्याची सिद्धता केली. साठ-सत्तर वर्षांत कायद्याचे छत्र असे हळूहळू खाली आणि अधिकाधिक लहान कारखान्यांवर पसरत गेले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, ही मर्यादा पुन्हा दहावरून वीसवर नेली. तेरा जुने कायदे एका संहितेत गोवण्यात सोय असेलही. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हळद पॉलिश करणारे, डाळ भरडणारे, सरकी काढणारे जे कारखाने आहेत, ते बहुधा दहा-पंधरा माणसांवरच चालतात. मर्यादा वर सरकल्याने ते कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडतात. ज्या दिशेने आपण सत्तर वर्षे चाललो, तिच्या उलट हे पाऊल पडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि शेत तर या सर्व आकड्यांच्या बाहेर, उघड्या आकाशाखालीच राहिले.

मात्र शेतीतील यंत्रासाठी कायदाच नाही, असे समजणे चूक ठरेल. एक कायदा आहे, आणि तो इतका समर्पक आहे, की त्याचे विस्मरण अधिकच खेदजनक वाटावे. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात गव्हाची मळणी यंत्रावर होऊ लागली आणि हंगामागणिक शेकडो मजुरांचे हात त्या यंत्रांत तुटू लागले. त्या आक्रोशातून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. त्याचा रोख मळणी यंत्रावरच होता. यंत्र बनविणाऱ्याने परवाना घ्यावा, यंत्रावर धोक्याच्या सूचना लिहाव्यात, चालविणाऱ्याने आणि मालकाने विहित काळजी घ्यावी, मजुराला इजा झाल्यास भरपाई द्यावी, अशा त्याच्या तरतुदी आहेत. भारतीय मानक संस्थेने मळणी यंत्राच्या सुरक्षिततेचे मानकही ठरविले. या मानकाप्रमाणे पीक आत सारण्याची पन्हाळ किमान नव्वद सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा ड्रमकडील निम्मा भाग वरून झाकलेला हवा. या मापामागे साधे शरीरशास्त्र आहे. मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या ड्रमने पिकाची पेंढी एकदा ओढली, की तिच्याबरोबर गेलेला हात मागे घेण्याइतका अवधी माणसाच्या मेंदूला मिळतच नाही; म्हणून हात तेथवर पोहोचूच नये इतकी पन्हाळ लांब ठेविली, तर मजूर थकलेला असो, झोपाळलेला असो, की शेजारणीशी बोलण्यात गुंतलेला असो, त्याचा हात शाबूत राहतो.

इकडे हिंगोली जिल्ह्यात दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी चाललेली असते. ट्रॅक्टरच्या जोरावर चालणारा हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, गावोगाव फिरतो. पावसाच्या भीतीने तो रात्रीही थांबत नाही. गंजीवरून पेंढ्या ओढणारे दोघे, यंत्राच्या तोंडाशी एक, धान्याच्या पोत्याशी एक, अशी रचना असते. धुराळ्यात एकमेकांचे चेहरेही नीट दिसत नाहीत. या कामात पहिला धोका यंत्राच्या तोंडाशी असतो, हे सर्वांना कळते. दुसरा धोका ट्रॅक्टर आणि यंत्र यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्याशी असतो, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यावरचे लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण दुरुस्तीच्या वेळी एकदा काढले, की ते परत बसविण्याची तसदी कोणी घेत नाही. लुगड्याचा पदर, गळ्यातील रुमाल, सैल धोतर त्या दांड्याला नुसते स्पर्शले तरी माणूस ओढला जातो. मजुराला ‘पदर नीट खोचा’ असे दहा वेळा बजावण्यापेक्षा ते आवरण एकदा बसविणे अधिक हिताचे, हा सुरक्षिततेच्या शास्त्राचा पहिला पाठ आहे. धोका मुळातून काढता आला तर काढावा. नाही काढता आला तर कमी धोक्याचा मार्ग घ्यावा. तोही नसेल तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये आडोसा उभा करावा. कामाच्या वेळा, पाळ्या आणि देखरेख यांचा क्रम त्यानंतरचा, आणि हातमोजे व तोंडपट्टी यांचा सर्वांत शेवटचा. आपण हा क्रम नेमका उलटा लावतो. मजुराला सावध राहावयास सांगतो, आणि तो सावध राहिला नाही म्हणून त्यालाच दोष देतो.

हळदीच्या शिजवणीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे वाफ आहे. पूर्वी हळद मोठ्या काहिलीत शिजविली जाई. एका काहिलीला दोन-अडीच तास लागत, जळण अतोनात लागे, आणि उकळत्या पाण्याने पाय भाजल्याचे प्रसंग घडत. आता बॉयलरची वाफ पिंपांत सोडून काही मिनिटांत तेच काम होते. चाकांवर बसविलेले हे संच एका शेतातून दुसऱ्या शेतात भाड्याने फिरतात, आणि हंगामाच्या ऐन भरात अहोरात्र चालतात. यंत्र उपकारक आहे यात संशय नाही. जळण वाचते, श्रम वाचतात, हळद एकसारखी शिजते. परंतु बंदिस्त भांड्यातील वाफ ही कोंडलेली शक्ती आहे, हे सत्य ते संच कोणत्याही शेतात उभे केले तरी बदलत नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. त्या परंपरेतून १९२३ चा अखिल भारतीय बॉयलर कायदा आला आणि त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेची, किंवा चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी दाबाची भांडी या कायद्यातून वगळलेली आहेत. शेतावरचा संच या रेषेच्या कोणत्या बाजूस पडतो, हे त्याच्या दाबमापकावरून ठरावयाचे. आणि दाबमापक बंद पडलेला असेल, तर ते ठरविणार कोण?

बॉयलर फुटण्याची कारणे गूढ नसतात. आतील पाणी कमी होते आणि तापलेला पत्रा उघडा पडतो; घाबरून त्यावर थंड पाणी सोडले, की क्षणात अमाप वाफ होते. जादा दाब बाहेर सोडणारी झडप गंजून घट्ट बसते, किंवा वाफ वाया जाते म्हणून कोणी ती तारेने आवळून ठेवितो. जोडकाम कमअस्सल असते. या तिन्ही गोष्टी हंगाम सुरू होण्यापूर्वी एका दिवसात तपासता येतात. पाण्याची पातळी दाखविणारी काच स्वच्छ आहे काय, दाबमापकाचा काटा हलतो काय, झडप हाताने उचलली असता उचलली जाते काय, एवढे पाहण्यासाठी अभियंता लागत नाही. गावातील फिटर पुरे आहे. आणि पिंपाचे झाकण उघडण्यापूर्वी आतील वाफ पूर्ण गेली आहे याची खात्री करून घेणे, लहान मुलांना संचाजवळ फिरकू न देणे, रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोप मिळेल अशी बदली ठेवणे, या गोष्टी तर केवळ निश्चयाच्या आहेत. वसमतच्या संशोधन केंद्राने वाणांच्या आणि प्रतवारीच्या बरोबरीने या संचांच्या सुरक्षित रचनेचा आदर्श नमुना सिद्ध करून द्यावा, ही माझी त्या संस्थेकडे आग्रहाची विनंती आहे. गावोगावचे कारागीर तो नमुना निश्चित उचलतील, कारण ते काम कुशलतेने करतात. त्यांना योग्य माप सांगणारा कोणी नाही, एवढीच उणीव आहे.

यंत्राचा धोका डोळ्यांना दिसतो, विषाचा दिसत नाही. हिंगोलीच्या पूर्वेस लागूनच यवतमाळ जिल्हा आहे, आणि तेथे २०१७ च्या पावसाळ्यात जे घडले ते या भागातील कोणीही विसरू नये. कपाशी त्या वर्षी डोक्याइतकी वाढली होती, गुलाबी बोंडअळीचे भय होते, अनेक औषधांचे मिश्रण करून फवारले जात होते, आणि बॅटरीवरच्या नव्या पंपांतून उडणारा सूक्ष्म तुषार दमट हवेत फवारणाऱ्याच्याच अंगावर परत येत होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयात भरती झाले, वीसहून अधिक मृत्यू पावले. रक्तातील कोलिनेस्टरेज या द्रव्याची तपासणी केल्यावाचून या विषबाधेचा नेमका अंदाज येत नाही, आणि त्या तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हती, हे तेव्हा उघडकीस आले. शासनाने विशेष पथक नेमून चौकशी केली, काही औषधांच्या विक्रीस तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या छत्तीस टक्के द्रावणाचा वापर थांबविण्याचा केंद्राचा आदेश निघाला तो २०२३ साली.

फवारणी करणाऱ्यांत स्वतःच्या शेतात फवारणारा शेतकरी असतो, तसाच पंपामागे पैसे घेणारा मजूर असतो. आणि मजूर दिवसात जितके पंप अधिक मारील तितके त्याला अधिक मिळतात. शेतकरी एक दिवस फवारतो. मजूर महिनाभर रोज निरनिराळ्या शेतांत निरनिराळी औषधे फवारीत असतो. डबीवरच्या त्रिकोणाचा रंग त्याने पाहिलेला नसतो, कारण औषध कालवून टाकीत भरून आयते त्याच्या पाठीवर दिले जाते. तांबडा त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य, एवढे ज्ञान तरी प्रत्येक फवारणाऱ्याला असावे. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, उपाशीपोटी फवारू नये, नळी तोंडाने फुंकू नये, कपडे वेगळे धुवावेत. आणि तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायात वेळ न घालविता रोग्याला औषधाच्या डबीसह रुग्णालयात न्यावे. ॲट्रोपीनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर बऱ्याच रोग्यांचे प्राण वाचतात. डबी बरोबर नेणे महत्त्वाचे, कारण तिच्यावरील नावावरून डॉक्टर उपचार ठरवितो.

शेतातील साप आणि विंचू यांचा समावेश व्यवसायजन्य धोक्यांत करावयाचा, हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण पाल्याचा ढीग उचलणाऱ्या हाताला घोणस डसते, ती कामाच्या ठिकाणीच डसते. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात विंचूदंशाने मरणाऱ्या माणसांची एकेक नोंद ठेवून, प्राझोसिन या औषधाने ते मृत्यू टाळता येतात हे जगाला दाखविले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे संशोधन छापले. ज्या मृत्यूंकडे सारे प्राक्तन म्हणून पाहात होते, त्यांची नोंद ठेवण्याचे कष्ट एका मराठवाड्यातील डॉक्टराने घेतले, आणि म्हणून ते मृत्यू कमी झाले. शेतीतील अपघातांच्या बाबतीत आज नेमकी हीच नोंद नाही. हडंब्यात सापडलेला मजूर, वीज पडून गेलेली निंदणारी, बॉयलरने भाजलेला, फवारणीने दगावलेला, या सर्वांची कागदपत्रे निरनिराळ्या दप्तरांत जातात. पोलिसांचे निराळे, महसुलाचे निराळे, रुग्णालयाचे निराळे. हे सर्व काम करताना दगावले, असे एकत्र सांगणारा कागद जिल्ह्यात कोठेही तयार होत नाही.

भरपाईच्या बाबतीत तर अन्याय उघड आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. योजना चांगली आहे, आणि तिने अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. पण ती वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्या भूमिहीन मजुराला ती लागू नाही. एकाच हडंब्यावर शेजारी उभे असलेल्या मालकाचा आणि मजुराचा हात तुटला, तर मालकाला अर्ज करता येतो, मजुराला येत नाही. मजुराच्या बाजूने एक जुना आधार आहे, तो क्वचितच कोणाला माहीत असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतील कामगाराचा समावेश होता. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारालाही त्याची दारे उघडली. पुढे २००९ सालच्या दुरुस्तीने मृत्यूच्या प्रकरणी किमान एक लाख वीस हजार रुपयांची भरपाई ठरविली गेली. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. परंतु दावा सिद्ध करावयाचा तर मालक कोण आणि मजुरी किती, याचा पुरावा हवा, आणि गुत्त्याचा करार तर तोंडी. गुढीपाडव्याला सालगडी ठेवताना निदान धान्य किती, रक्कम किती, हे चारचौघांत ठरते. काढणीच्या टोळीचे तेवढेही ठरत नाही.

यावर उपाय म्हणून मोठी यंत्रणा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुंडे योजनेत भूमिहीन शेतमजुराचा समावेश करणे हे राज्य शासनाचे काम आहे आणि ते एका शासन निर्णयाने होण्यासारखे आहे. सिंचन विहिरीच्या अनुदानाचा अखेरचा हप्ता पक्का कठडा डोळ्यांनी पाहूनच द्यावा. तहसीलदाराने दरसाल आपल्या तालुक्यात शेतकाम करताना मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांची एकत्र यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेचे काम व्हावयाचे आहे; मोठ्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची कायद्याने सक्ती असते, आणि ती योग्यच आहे. त्या बांधकामावर काम करणाऱ्याच्या जिवाला जी किंमत आहे, तीच बांधापलीकडे शेतात निंदणाऱ्या बाईच्या जिवाला असली पाहिजे.

आणि उरलेले काम गावाचे आहे. वर्षातून चार ग्रामसभा ठरलेल्या तारखांना भरतात, आणि त्या तारखा शेतीच्या धोक्यांशी किती जुळतात पाहा. २६ जानेवारीची सभा हळदीच्या काढणीपूर्वी येते, १ मेची वळवाच्या विजांपूर्वी, १५ ऑगस्टची फवारणीच्या ऐन दिवसांत, आणि २ ऑक्टोबरची सोयाबीनच्या मळणीच्या तोंडावर. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत या पाचही तालुक्यांतील सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला माझे सांगणे आहे, की येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत चार ठराव मांडावेत: रस्त्यालगतच्या विनाकठड्याच्या विहिरींची यादी करून त्यांना काढणीपूर्वी निदान काटेरी कुंपण घालावे, मजुरांना ट्रॉलीतून नेण्याऐवजी प्रवासी वाहनाची सोय करून तिचा खर्च गुत्त्याच्या रकमेत धरावा, शिजवणीचा प्रत्येक संच गावात येताच त्याची झडप आणि दाबमापक तपासावा, आणि टोळीतील प्रत्येक मजुराचे नाव, मालकाचे नाव व मजुरीचा दर ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवावा.